इंद्याच्या नावाचं पळणं

रविवारची दुपार. तांबडा रस्सा दोनदा ओढून झालाय आणि उजव्या नडगीवर बर्फाची पिशवी ठेवून मी पलंगावर आडवा पडलोय. ऑगस्टची झड लागलीय, आज बारावा दिवस. मागच्या शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय. मला धड झोपही येत नाही आणि जागंही राहवत नाही. चारचा गजर लावलाय. चारला उठायचं, पाऊस असो नसो, दोन किलोमीटर पळून यायचं. माझ्यासाठी नाही. मला तर डॉक्टरांनी पळायची बंदी घातलीय. पळायचं ते इंद्रजितसाठी.

इंद्रजित चौगुले नऊ महिन्यांपूर्वी वारला. त्याचं घड्याळ माझ्या उजव्या मनगटावर आहे, माझं डाव्यावर. दोन घड्याळं बांधून हिंडणारा माणूस बघून माझ्या कामावरची, फाउंड्रीतली पोरं हसतात. हसू देत. इंद्या आणि मी चाळिशी उलटल्यावर ट्रायथलॉनच्या नादाला लागलो. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि मधे कुठं टेकायचं नाही. पोरं कॉलेजात गेली आणि त्यांचे बाप पहाटे कळंब्याच्या तलावावर चड्डीवर उभे! गल्लीनं काय नावं ठेवायची ती ठेवली. इंद्याला त्यात आणखी एक खूळ होतं. रोज किमान दोन किलोमीटर पायांनी कापायचे, एकही दिवस खाडा करायचा नाही. घड्याळ त्या दिवसांची मोजदाद ठेवायचं. डेंग्यूनं दवाखान्यात पडला तेव्हा चारशे सव्वीस दिवस झाले होते. तिथंही हा गडी सलाईनची दांडी ढकलत व्हरांड्यात फेऱ्या घालायचा. पाचव्या दिवशी त्याला उठवेना. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "धन्या, आजचा दिवस तेवढा सांभाळ. उद्या मी घेतो." मी दवाखान्याच्या आवारात घड्याळ बांधून वीस फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

गल्ली अजून म्हणते, अति पळाल्यानं गेला. मी मात्र तेव्हापासून रोज त्याचा दिवस सांभाळतोय. आज सातशे तेरावा.

मार्चमध्ये जोतिबाच्या उताराला खडीवरून घसरलो, खांदा निखळला, तरी हात गळ्यात अडकवून पळालो. जूनमध्ये अंगात ताप घेऊन पळालो. आता नडगी. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर पडायच्या बेतात आहे, तीन आठवडे पळणं बंद ठेवा, नाहीतर पुढं एसटी पकडायलाही पळता यायचं नाही. स्पर्धा दोन महिन्यांवर आलीय. पोहणं एकोणीसशे मीटर, सायकल नव्वद किलोमीटर आणि पळणं एकवीस. आम्ही दोघांनी मिळून उतरायचं ठरवलेलं. आज थांबलो तर मला तरी उतरता येईल. पण आज थांबलो तर इंद्याचा आकडा मरतो. एवढंच आहे सगळं, आणि त्याचाच निकाल लागत नाही म्हणून मी कूस बदलतोय, बर्फ सरकतोय, पिशवीतलं पाणी गादीत उतरतंय.

गादी ओली लागते. मग आणखी ओली लागते.

"उठ की लेका," पायथ्याशी बसलेला इंद्या म्हणतो. "किती लोळशील?"

त्याच्या डोक्यावर पोहायची पिवळी टोपी आहे, चष्मा कपाळावर चढवलेला. तो मेलाय हे मला माहीत आहे, पण ते तोंडावर बोलणं बरं दिसायचं नाही असंही वाटतं.

"कुठं जायचंय?"

"कुठं म्हणजे? आत."

तो पलंगाच्या कडेवरून खाली उतरतो आणि छातीभर पाण्यात उभा राहतो. कळंब्याचा तलाव. पाणी मातकट, वर पाऊस चालूच. मीही उतरतो. आम्ही हात मारायला लागतो. मी तीन हात मारले की तोंड वळवून श्वास घेतो. तो घेतच नाही. चेहरा पाण्यात घालून सरळ चाललाय, काठ मागं पडला तरी चाललाय.

"इंद्या, श्वास घे!" मी ओरडतो.

तो थांबतो, उताणा होऊन तरंगतो. पोहण्यात तो माझ्यापेक्षा कच्चा होता, सगळा घोळ श्वासाचा. "आता कशाला घेऊ?" तो म्हणतो. "तेवढ्यातच टाइम जायचा माझा. आता बघ, पाण्यात नाद न्हाई करायचा आपला."

मला हसू येतं आणि नाकात पाणी जातं. त्याचं आपलं चालूच.

"पर पळण्याचं काय करून ठेवलंयस? साडेपाच मिन्टात किलोमीटर जायचो मी. साडेपाच! तू माझं ॲव्हरेज पावणेआठवर आणलंस. बघणाऱ्याला वाटंल, चौगुल्याच्या नावावर त्याचा आज्जा पळायलाय."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेलेली नाही.

"नडगी दुखतेय माझी," मी म्हणतो.

"तुझी दुखती. मग माझ्या नावावर कशाला लंगडतोस?"

तेवढ्यात पाय तळाला टेकतात. खाली गाळ नाही, वाळू आहे, काळी, भाजलेली, बोटांत अडकणारी. ही वाळू मी ओळखतो. आमच्या फाउंड्रीत साचे हिच्यातच घालतात. मी मान वर करतो तर वर पत्रे आहेत, सगळे दिवे चालू आहेत आणि माणूस एकही नाही. जिथं साच्यात ओतून काढलेली गरम कास्टिंग टांगलेली असतात त्या हुकांना ओळीनं सायकली लटकतायत. पोहणं संपलं, सायकल घ्यायची, हे बरोबरच आहे, फक्त माझी सायकल कोणती ते मला कळत नाही. मी या हुकापासून त्या हुकाकडं धावतो. वेळ चाललाय.

इंद्या निवांत माझ्या टेबलाचा खण उघडून हातोडी काढतो.

ती छोटी हातोडी माझ्या रोजच्या कामाची. मी तपासणीला आहे. कास्टिंगवर टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर माल चोख, बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे, वरून दिसो न दिसो. आता मशीनं आलीत, तरी मी आधी हातोडी मारतो. बावीस वर्षांत माझ्या कानानं मला फसवलेलं नाही.

इंद्या खाली बसतो आणि माझ्या नडगीवर टिचकी मारतो.

बद्द.

दोन बोटं खाली पुन्हा मारतो. पुन्हा बद्द.

"आता काय म्हणशील?"

"पावसाळी हवेनं असंल," मी म्हणतो.

"पावसाळी हवेनं! दुसऱ्याचा माल असता तर असं म्हटला असतास?" त्यानं खडू घेतलाय. बाद मालावर मी मारतो तशी मोठी पांढरी फुली तो माझ्या नडगीवर मारतो. "चिरलेला माल फुडं धाडतोस व्हय रं? बावीस वर्सं पगार कशाचा घेतोस?"

आता मात्र माझं डोकं फिरतं. हा माणूस मरून मोकळा झाला आणि वर मलाच शिकवतोय!

"हातोडी ठेव," मी म्हणतो. "दिवस सांभाळ म्हणून कोण म्हणालं होतं? मी मागून घेतलं होतं काय?"

"एक दिवस म्हणालो हुतो."

"उद्या मी घेतो, असंही म्हणाला होतास. आलास?"

तो हातोडी जागच्या जागी ठेवतो, खण लावतो. मला एकदम रडू फुटतं, आणि या माणसासमोर रडायची लाजही वाटत नाही. "तू आला असतास तर मी दुसऱ्याच दिवशी घड्याळ परत दिलं असतं, इंद्या. रोज वाट बघतोय. मी काय हौसेनं धरून बसलोय?"

"चल," तो हळू आवाजात म्हणतो. "चढ हाय अजून."

चढ जोतिबाचा आहे. धुकं उतरलंय, पुढचं चाक तेवढं दिसतं. पाऊस तिरका तोंडावर येतोय आणि मी उभा राहून पायडल मारतोय तरी सायकल पुढं सरकत नाही. शेजारी इंद्या. त्याच्या चाकांचा बारीक कुरकुर आवाज येतोय. तो आवाज मला ऐकायचा नाही. धुक्याला फिनेलचा वास यायला लागतो. वळण येतं, आणि वळणावर रस्ता गुळगुळीत होतो, पांढऱ्या फरशीचा, दोन्ही बाजूंना खोल्यांची बंद दारं. इंद्याच्या हातात हँडल नाही, सलाईनची दांडी आहे. कुरकुर तिच्या चाकांची. पायांत दवाखान्याच्या निळ्या सपाता. मी बाजूनं बाटली धरून चाललोय.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला नाही, त्याच्या बायकोला तर नाहीच. डॉक्टरांनी त्याला खाटेवरून हलू नको म्हणून बजावलं होतं. आणि मी रोज कामावरून सुटून जायचो, त्याला उठवून बसवायचो, बाटली धरायचो, उंबऱ्यावरून दांडीची चाकं उचलायचो. कुणाची चाहूल लागली की खोकायचो, मग तो झटकन खाटेवर. चार दिवस. आम्हाला दोघांना मजाच वाटत होती. मास्तरांच्या नकळत वर्गातून पळणारी दोन पोरं, वय वर्षं पंचेचाळीस.

"इंद्या," मी विचारतो, "त्या फेऱ्यांनी गेलास काय रे तू?"

"मला काय म्हाईत? मी डॉक्टर हाय काय?"

"मी नको म्हणायला पाहिजे होतं."

मला वाटतं तो म्हणेल, सोड, तुझा काय दोष. तो म्हणत नाही.

"व्हय," तो म्हणतो. "पाहिजे हुतं."

आम्ही चालत राहतो. दांडी कुरकुरत राहते.

"मी ऐकलं नसतं ती गोष्ट येगळी," तो म्हणतो. "पर तू म्हणालाच न्हाईस. आता तरी म्हण."

"काय म्हणू?"

"नको म्हण. तवा ऱ्हायलंय ते." आणि माझ्याकडं बघत, डोळे बारीक करून, अगदी तेव्हाच्यासारखं, "चल धन्या, आणखी दोन फेऱ्या मारू. दोनच. धर बाटली."

मी तोंड उघडतो. शब्द येत नाही. दोन अक्षरांचं काम, पण जबडाच हलत नाही. मी बाटली धरतो आणि चालायला लागतो. इंद्या मान हलवतो, आणि त्याचं ते मान हलवणं मला फार लागतं.

व्हरांड्याच्या टोकाला दार आहे. त्याच्याच घराचं, खाली हिरवा रंग उडालेला. ढकललं की उघडतं. आत सकाळ आहे. शैलजा वहिनी ओट्याकडं तोंड करून कसला तरी डबा पुसतायत. खिडकीत त्यांचा फोन टेकून ठेवलाय. तो टिंग वाजतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात: इंद्रजितने आजचे दोन किलोमीटर पूर्ण केले.

वहिनी हात पुसतात, गॅस पेटवतात आणि आधण ठेवतात.

"हे काय?" मी कुजबुजतो.

"रोजचंच. मीच घड्याळ जोडून दिलंय तिच्या फोनाला." इंद्या चौकटीला टेकून उभा आहे, घराबाहेरच. "टिंग वाजलं की समजायचं, गडी पळून झाला, पाच मिन्टांत दारात. च्या टाकायचा."

"पण त्यांना माहीत आहे की."

"म्हाईत हाय. तूच पळतोस ते बी म्हाईत हाय. हाताला कोण सांगणार?"

बाराव्याला मी घड्याळ परत द्यायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या होत्या, असू द्या तुमच्याकडंच, भावोजी. मी धरून चाललो की रोज तो आकडा वाढताना बघून त्यांना बरं वाटत असेल. नऊ महिने धरून चाललो. एकदाही विचारलं नाही. आपण मोठा उपकार करतोय या तोऱ्यात लंगडत राहिलो.

वहिनी दोन कप भरतात. एक स्वतःजवळ ठेवतात, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं. आणि दाराकडं बघत बसतात.

"जा, पी," इंद्या म्हणतो.

"मी?"

"मग कोण? माझ्या नावानं पळतोस न्हवं? मग माझा च्या बी तूच प्यायचा. रोज कोण पितंय म्हणून वाटलं तुला?"

मी खुर्चीत बसतो. मी चहा बशीत ओतून, फुंकून, पार निववून पिणारा. इंद्या उकळता प्यायचा, कप तोंडाला लावला की संपवूनच खाली ठेवायचा. मी बशी शोधतो. बशी नाहीच. वहिनी माझ्याकडं बघतायत, पण ओळख नाही त्यांच्या डोळ्यांत, त्या नुसत्या कप रिकामा व्हायची वाट बघतायत. उद्या बघतील. परवा बघतील. सातशे चौदा, सातशे पंधरा. वाफ माझ्या चष्म्यावर बसते. मी कप उचलतो आणि त्याच्यासारखाच एका दमात ओढतो. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं होतं.

"नको!" मी ओरडतो. "नको, इंद्या! बास! नको!"

"हां," दारातून इंद्या म्हणतो. "असं."

"अहो! कुणाला नको म्हणताय?"

स्मिता, माझी बायको, उशाशी उभी आहे. बर्फाच्या पिशवीचं पाणी होऊन निम्मी गादी भिजलीय. पावणेसहा वाजलेत. गजर तीनदा वाजला म्हणे, तिसऱ्या वेळी तिनंच तो बंद केला आणि मला झोपू दिलं.

पत्रा वाजत नाहीये. मी खिडकीतून बघतो. बारा दिवसांनी पाऊस थांबलाय, समोरच्या रस्त्यावर चक्क ऊन पडलंय. उजेड जायला तासभर तरी आहे. दोन किलोमीटर, अगदी फरफटत गेलं तरी वीस मिनिटं. माझे पाय आपोआप बुटांकडं वळतात. मी वाकतो, दात आवळतो, आणि जिभेचा शेंडा दाताला लागून डोळ्यांत पाणी उभं राहतं.

"मी चहा घेतला काय ग?" मी विचारतो.

"झोपेत? अजून आधण पण ठेवलं नाही मी."

मी न्हाणीघरातल्या आरशासमोर जीभ बाहेर काढतो. शेंडा लालभडक, वरचं साल पांढरं होऊन सुटलेलं. म्हणाल, रस्सा भोवला. रस्सा तिखट होता, पण निवल्याशिवाय मी पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही, आणि जेवून उठलो तेव्हा जीभ धड होती.

मी तसाच ओल्या गादीवर बसून वहिनींना फोन लावतो.

"बोला भावोजी."

"वहिनी, आज मी पळत नाही. उद्याही नाही. इंद्याचं ते पळणं मी आता बंद करतोय."

पलीकडं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज येतो.

"सकाळधरनं वाजला न्हाई फोन," मग त्या म्हणतात. "म्हटलं, पावसानं थांबला असशीला. रोज वाजला की आधण ठेवते मी, भावोजी. कळतंय सगळं, तरी ठेवते." आणि त्या रडायला लागतात. मी फोन कानाला धरून बसतो. ठेवावासा वाटतो, पण आता ठेवला तर पुन्हा कधीच बोलायचो नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

"वहिनी, आणखी एक आहे. दवाखान्यात तो फेऱ्या मारायचा. झोपून राहायचं सोडून. त्याला उठवायचो मी. बाटलीही मीच धरायचो."

"म्हाईत हाय."

"काय?"

"तुमचा खोकला ऐकू यायचा न्हवं खाली. मी डबा घेऊन जिन्यात थांबायचे, तुम्ही दोघं खाटेपर्यंत जाईस्तोवर." त्या नाक पुसतात. "मी बी नको म्हटलं न्हाई, भावोजी."

बाहेर कुणीतरी रस्त्यावरून सायकल दामटत जातं, साचलेल्या पाण्यातून.

"असं बोबडं का बोलायलाय?" वहिनी विचारतात.

"जीभ पोळलीय."

"कशानं?"

मी जीभ टाळूला लावून बघतो. अजून चरचरते आहे.